गच्चीवरचा वारा कुठे गेला?

लहानपणी मे महिन्यात आम्ही भावंडं गच्चीवर झोपायचो. पहाटे वारा सुटायचा, म्हणून अम्मी उशाशी चादर ठेवायची. आज त्याच गच्चीवर दोरीवरचे कपडेही हलत नाहीत. अब्बा म्हणतात, "पहले हवा आती थी, अब नहीं आती." मला वाटायचं, म्हातारपणी जुनं सगळंच चांगलं वाटतं. आता वाटतं, अब्बांच्या बोलण्यात तथ्य आहे.

2010 मध्ये रॉबर्ट व्होटार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धातल्या आठशेहून अधिक हवामान केंद्रांच्या नोंदी तपासल्या. 1979 ते 2008 या काळात जमिनीलगतचा वारा 5 ते 15 टक्क्यांनी मंदावला होता. उंचावरच्या वाऱ्यात मात्र तशी घट नव्हती. म्हणजे वाऱ्याला खालीच काहीतरी अडवत होतं. या मंदीचा 25 ते 60 टक्के वाटा जमिनीच्या वाढलेल्या खडबडीतपणाचा असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. 2010 नंतर जगाचा सरासरी वारा पुन्हा वाढल्याचंही दिसलं. वातावरण आणि समुद्राचे फेरेही वाऱ्यावर परिणाम करतात. तेव्हा सगळा दोष इमारतींवर टाकता येणार नाही. पण गल्लीतला वारा कोण अडवतं, हे त्यामुळे बदलत नाही.

ओढ्यात दगड टाकले की पाणी अडखळतं, तसंच वाऱ्याचं आहे. मोकळ्या माळावर तो जमिनीलगतही धावतो. घरांची दाटी झाली की तो छपरांच्या वरून निघून जातो आणि खाली गल्लीत हवा कोंडते. उंच इमारतीच्या कोपऱ्यावर मात्र तोच वारा अंगावर आदळतो. एकीकडे घुसमट, दुसरीकडे झोत.

झाडंही वारा अडवतात, हे खरं. पण झाड सावली देतं, पानांतून पाणी सोडून हवा गार करतं. सिमेंटची भिंत वारा अडवते आणि वर दिवसभराची उष्णता रात्री आपल्यालाच परत करते. पत्र्याखाली राहणाऱ्या बाईला, यंत्रमागावरून रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगाराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्या घरचं बोलू. आपल्या दाट मोहल्ल्यांत मोकळी जागा उरलीय ती बहुतेक ईदगाह आणि कब्रस्तानाची. तिथेही "कडेने गाळे काढू, भाडं येईल" अशी भाषा अधूनमधून ऐकू येते. बांधणारे बाहेरचे नसतात, आपलेच असतात. ईदची नमाज उघड्या मैदानात अदा करणं ही तर रसूलुल्लाहांची सुन्नत. आणि कुरआनात वाऱ्यांचं फिरणं अल्लाहच्या निशाण्यांत मोजलंय. त्या निशाणीच्या वाटेत आपणच भिंत घालायची का?

गाळ्यांचं भाडं दरमहा मोजता येतं. मैदानावरून येणाऱ्या वाऱ्याची पावती कुणी फाडत नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही. कमिटीच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी तो हिशेबात धरायला लावावा. जागा मोकळी ठेवा, कडेला कडुनिंब लावा. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.