दोन सर्व्हर असूनही सेवा बंद का पडते? चूक कधी मशीनमध्ये असते, कधी मॅन्युअलमध्ये

कर्जत तालुक्यातलं कडाव हे भाताच्या पट्ट्यातलं गाव. खरिपात इथल्या शेतकऱ्याला लावणी उरकली की आणखी एक काम असतं : शेतात उभं राहून मोबाईलवर ई-पीक पाहणी करणं. २०२१ मध्ये ही पद्धत राज्यभर लागू झाली. फोटो अपलोड झाला तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. ती नसेल तर हमीभावाने भात विकताना किंवा नुकसानभरपाई मागताना अडचण येते. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सगळा महाराष्ट्र एकदम फोटो पाठवायला लागतो आणि 'सर्व्हर डाऊन'च्या तक्रारी सुरू होतात. मग मुदतवाढ. हे एकदा नाही, अनेकदा झालंय.

अशा वेळी सोशल मीडियावर ठरलेली कमेंट येते : "अजून एक सर्व्हर लावायला काय जातं?"

प्रश्न रास्त आहे. पण मोठ्या ऑनलाइन सेवा सहसा एका सर्व्हरवर चालतच नाहीत. अनेक सर्व्हरचा गट असतो, त्याला क्लस्टर म्हणतात. पुढे बसलेला लोड बॅलन्सर येणारी गर्दी वाटून देतो. मागचे सर्व्हर दर काही क्षणांनी 'जिवंत आहेस ना?' असं एकमेकांना विचारत राहतात. एकाकडून उत्तर आलं नाही की दुसरा त्याचं काम उचलतो. याला फेलओव्हर म्हणतात.

गोची इथेच आहे. उत्तर आलं नाही म्हणजे समोरचा मेला, असं नसतं. कदाचित मधली केबलच तुटलेली असते. मग दोन्ही सर्व्हर स्वतःला मालक समजून एकाच डेटावर लिहायला लागतात आणि डेटाचा विचका होतो. म्हणून नियम असा की काम हातात घेण्याआधी समोरच्याला सक्तीनं बंद करायचं. लिनक्सच्या जगात या सोयीचं नाव आहे स्टोनिथ, म्हणजे 'शूट द अदर नोड इन द हेड'. नाव भयंकर आहे, पण काम तेच आहे.

आता गंमत बघा. क्लस्टर शिकवणाऱ्या कित्येक नवशिक्या गाइडमध्ये सुरुवातीलाच स्टोनिथ बंद करायला सांगतात, कारण त्याशिवाय घरच्या लॅपटॉपवर डेमो पुढे सरकत नाही. 'खऱ्या वापरात परत चालू करा' ही ओळ मात्र कॉपी-पेस्टमध्ये गळून जाते. डेमो झकास चालतो. चूक कळते ती पहिल्यांदा केबल तुटते तेव्हा.

मॅन्युअलमध्ये नसलेली एक ओळ

कागदावरची उणीव किती महागात पडते, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री या कंपनीचे इंजिनीअर मुख्य डेटाबेसची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर नव्याने उतरवत होते. त्यासाठीची कमांड दिली, तर स्क्रीनवर काहीच दिसेना. खरं तर कमांड मुख्य सर्व्हरकडून डेटा येण्याची गुपचूप वाट पाहत होती. ती अशी गप्प बसते हे ना कंपनीच्या कार्यपुस्तिकेत नीट लिहिलं होतं, ना त्या टूलच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये. ती अडकली असं समजून एका इंजिनीअरने डेटाचं फोल्डर पुसायला घेतलं. पण ते होतं मुख्य सर्व्हरवरचं! चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं.

बॅकअप? तो घेणारं टूल जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे रोज फेल होत होतं. त्याची सूचना देणारे ईमेल पोहोचतच नव्हते. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत कामी आली.

गिटलॅबने हे सगळं नावनिशीवार नाही, पण तपशीलवार जाहीर केलं. कोणाला बळीचा बकरा केलं नाही. मधल्या काळात त्या टूलमध्येही सुधारणा झाली. तपशीलवार मोडमध्ये चालवलं की ते आता चेकपॉइंट पूर्ण होण्याची वाट पाहतोय, असं स्क्रीनवर सांगतं.

मुंबईत काय झालं होतं?

२४ फेब्रुवारी २०२१. सकाळी ११.४० ला राष्ट्रीय शेअर बाजारातले म्हणजे एनएसईवरचे व्यवहार थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. बाजार त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. मधल्या वेळात बीएसई सुरूच होता. त्यामुळे एनएसईवर सौदे अडकलेल्यांची वेगळीच पंचाईत झाली.

एनएसईकडे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लाइन होत्या. दोन्हींत बिघाड झाला. कारण काय, तर रस्त्याकडेचं खोदकाम. गावातल्या दुकानदाराने दोन कंपन्यांची सिम घ्यावीत आणि दोन्हींची केबल एकाच चरातून गेलेली निघावी, तसलाच प्रकार. त्यानंतर स्टोरेज यंत्रणाही कोलमडली. पुरवठादाराने बसवलेलं फेलओव्हरचं लॉजिक आपण ठरवून दिलेल्या डिझाइनप्रमाणे नव्हतं, असं एनएसईने पुढे सांगितलं. म्हणजे कागदावर एक आणि मशीनमध्ये दुसरंच. दोन्ही जुळतात का, हे मुद्दाम केबल काढून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नसतो.

सेबीने महिन्याभरात नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. निर्णय कोणी आणि कधी घ्यायचा, हा घोळ त्यामुळे संपला. घड्याळच नियमात आलं.

कडावच्या बांधावर मोबाईल धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी मिनिटांचं असं घड्याळ नाही. त्याच्या वाट्याला येते ती पुढची तारीख, आणि तोवर भात कापायला आलेलं असतं.