लस मिळाली, पाण्याचे काय?

अतिसाराने बालके दगावतात ती मुख्यतः गरीब देशांत, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत. त्यामागील एक प्रमुख कारण म्हणजे रोटाव्हायरस. या विषाणूवरील लसी पाश्चात्त्य कंपन्यांनी प्रथम बाजारात आणल्या, तेव्हा त्यांच्या किमती गरीब देशांच्या आवाक्याबाहेर होत्या.

ही कोंडी फोडणाऱ्या संशोधनाचा उगम दिल्लीतच आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात अर्भकांत या विषाणूचा ‘११६ई’ हा वाण आढळला. संसर्ग होऊनही ती अर्भके आजारी पडत नव्हती. याच वाणापासून ‘रोटाव्हॅक’ ही लस सिद्ध झाली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. २०१४ साली परवाना मिळाला आणि २०१६ पासून सार्वत्रिक लसीकरणात तिचा समावेश होऊ लागला. उत्पादन खाजगी कंपनीचे. परंतु पाया सार्वजनिक संस्थेचा व सार्वजनिक पैशाचा, हे विसरता कामा नये.

तथापि पहिल्या वर्षात या लसीने रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसारापासून दिलेले संरक्षण सुमारे ५६ टक्के होते. अतिसाराच्या इतर जंतूंवर तर ती चालतच नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरील टोलेजंग इमारतींना नळाचे पाणी, आणि त्याच राजधानीतील झोपडपट्ट्यांना टँकरची रांग, ही विषमता कोणतीही लस मिटवू शकत नाही. म्हणून प्रत्येक बालकाला मोफत लस, प्रत्येक आरोग्य केंद्रात क्षार-संजीवनी व झिंक आणि प्रत्येक वस्तीला शुद्ध पाणी, या तिन्ही मागण्या एकत्रच लढवल्या पाहिजेत.