वेपची कॉइल जास्त टिकवायची आहे? मग आधी ती काळी का होते ते ऐका

गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात एक तरुण आला. वय बावीस-तेवीस, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. तीन आठवडे कोरडा खोकला आणि जिना चढला की छातीत घरघर. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "विडी, सिगारेट, तंबाखू काही?" तो म्हणाला, "नाही सर, काहीच नाही." मी केसपेपरवर 'व्यसन नाही' लिहिलं, छाती तपासली, औषधं लिहून दिली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"सर, एक विचारू का? वेपची कॉइल आठ दिवसांत जळतेय ओ. करपट वास मारतो. जास्त दिवस टिकवायला काय करायचं?"

"अरे, मग मघाशी नाही का म्हणालास?"

"ते व्यसनात येतं का सर?"

चूक त्याची नव्हती, माझी होती. एवढी वर्षं मी तीनच शब्द विचारत आलो, विडी, सिगारेट, तंबाखू. आता चौथा विचारतो, तोही आई-वडिलांना बाहेर बसवून, आणि ज्या घरांतून तो ऐकू येईल असं वाटलं नव्हतं तिथून ऐकू येतो. नाणेघाटाची वाट आमच्या वैशाखऱ्याजवळून सुटते, माळशेजला जाणारा रस्ता गावावरून जातो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गोड वासाचे पांढरे ढग सोडत फिरणारी पोरं इथल्या पोरांनी पाहिलेली आहेत. पण सगळं खापर पर्यटकांवर फोडणार नाही. मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे, आणि कॉइल कशी टिकवायची याचे व्हिडिओ त्याच मोबाईलवर आहेत.

त्या मुलाला मी तेव्हा घाईत "सोडून दे" एवढंच म्हणालो. ते उत्तर नव्हतं. आज सविस्तर देतो.

तुम्ही पाहिलेल्या बहुतेक युक्त्या खऱ्या आहेत. नवी कॉइल बसवल्यावर कापूस पूर्ण भिजू द्या, लगेच बटण दाबू नका. वॅट कमी ठेवा. एकामागून एक झुरके घेऊ नका. टाकी तळाला जाऊ देऊ नका. फार गोड, गडद रंगाचा द्रव वापरू नका. हे सगळं केलं तर कॉइल जास्त दिवस चालते. पण का चालते, हे व्हिडिओवाला सांगत नाही. ते कळलं की पुढचा झुरका घेताना हात थोडा अडखळेल, म्हणून हा लेख.

वेपच्या टाकीत असतं काय? लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियम किंवा निकेल-क्रोमियम अशा मिश्रधातूची बारीक तार, तिच्यात किंवा तिच्याभोवती कापसाची वात, आणि त्या वातीला भिजवणारा द्रव. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन, वासाची रसायनं आणि बऱ्याचदा सुक्रालोजसारखं गोडी आणणारं काहीतरी. बटण दाबलं की तार तापते आणि वातीतला द्रव उकळतो. तोंडातून निघतो तो ढग म्हणजे पाण्याची वाफ नाही, त्याच द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब आहेत.

आता चुलीवरचं पातेलं आठवा. त्यात पाणी आहे तोवर तळ करपत नाही, कारण सगळी उष्णता पाणी उकळण्यात जाते. पाणी आटलं की दोन मिनिटांत तळ काळा. कॉइलचंही तेच आहे. वात ओली आहे तोवर तारेचं तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० च्या आसपास. झुरके भराभर घेतले, वॅट वाढवले किंवा टाकी रिकामी होत आली, की वातीला द्रव पोहोचायच्या आत ती सुकते आणि तापमान झपाट्याने वर जातं. मग द्रव नुसता उकळत नाही, तुटतो. ग्लिसरीन तुटून अॅक्रोलीन तयार होतं. कढईतलं तेल फार तापलं की डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, त्यात हेच असतं. सोबत फॉर्माल्डिहाइड आणि अॅसिटाल्डिहाइडही तयार होतात. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळवलं की फॉर्मॅलिन होतं. मेडिकल कॉलेजात मृत शरीरं आणि अवयव टिकवायला आम्ही तेच वापरायचो. माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत ते पहिल्या गटात आहे.

आणि गोडी? गूळ करताना काकवी कढईला लागली की काय होतं, हे या भागात वेगळं सांगायला नको. वेपमधली गोडी तशीच तारेवर करपते आणि तिचा काळा, चिकट थर बसतो. सुक्रालोज तापल्यावर स्वतः तर तुटतंच, वर आसपासच्या द्रवालाही अधिक तोडतं.

आता त्या युक्त्या पुन्हा वाचा. कापूस भिजू द्या, वॅट कमी, झुरके सावकाश, गोड द्रव नको. प्रत्येक युक्ती एकच सांगते, द्रव कमी जळू द्या. म्हणजे द्रव जळतो हे युक्ती सांगणाऱ्यालाही मान्य आहे. त्याला काळजी आहे ती तारेवर राहिलेल्या काजळीची. जे तारेवर राहिलं नाही ते कुठे गेलं, हे तो विचारत नाही. ते तुमच्या छातीत गेलं. कंदिलाची काच काळी झाली तर आपण ती राखेने घासून लख्ख करतो. फुप्फुसाला तशी काच नाही.

इथे माझ्या बाजूची एक लंगडी गोष्टही सांगतो, नाहीतर कोणीतरी खाली येऊन दाखवेलच. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक गाजलेलं पत्र छापून आलं. त्या प्रयोगात ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टवर बरीच सापडली. त्यावर टीका झाली, की एवढ्या तापमानाला इतकी करपट चव येते की माणूस तो झुरका घेणारच नाही, लगेच थांबेल. टीकेत तथ्य आहे. करपट चव ही वेपमधली एकमेव धोक्याची घंटा आहे, आणि ती वाजली की बहुतेक लोक थांबतात.

बहुतेक. पण ज्याला कॉइल टिकवायची आहे तो थांबत नाही. तो म्हणतो, "थोडी करपट लागतेय, पण अजून दोन-तीन दिवस निघतील." टीकाकारांचा सगळा भरवसा ज्या घंटेवर होता, तिच्यात हा माणूस कापूस कोंबतो. माझ्याकडे आलेला मुलगा नेमकं हेच करत होता. कॉइल शहरातून कोणाकडून तरी मागवायला लागते, महाग पडते, वेळेवर मिळत नाही, म्हणून एकेक कॉइल तो शेवटच्या दमापर्यंत ओढायचा. काटकसर म्हणून ही सवय चांगलीच, आपल्या आयांनी शिकवलेली. इथे मात्र ती उलटी पडते.

"मग सर, दर चार दिवसांनी नवी घालतो," असं म्हणाल. तिथेही सुटका नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांची रोजच्या वापरातली उपकरणं तपासली. मूळ बाटलीतल्या द्रवात शिसं, निकेल, क्रोमियम फार थोडं होतं. तोच द्रव तारेवरून गेल्यावर त्याच्या ढगात ते कितीतरी पटींनी वाढलेलं आढळलं. म्हणजे धातू उपकरणातूनच येत होता. आणि जे लोक कॉइल वारंवार बदलत होते, त्यांच्या ढगात धातूचं प्रमाण जास्त असण्याकडे कल होता. नवी तार धातू जास्त सोडते, जुनी तार करप जास्त देते. इकडे आड, तिकडे विहीर.

कॉइल 'धुण्याचे' प्रकार तर विचारूच नका. दारूत भिजवणं, उकळणं, कापूस काढून तार लाल होईपर्यंत नुसती तापवणं. तार लाल केली की करप जळतो हे खरं, पण धातूचा पृष्ठभागही बिघडतो, आणि त्यानंतर त्यातून काय सुटतं हे घरी बसून कोणीही सांगू शकत नाही. ओलसर राहिलेली दारू तापलेल्या तारेजवळ नेणाऱ्यांना तर मी हातच जोडतो.

याहून मोठी भीती मला घरातल्या लहान मुलांची वाटते. कॉइल बदलायची, वात बदलायची म्हणजे टाकी उघडी, निकोटिनची बाटली उघडी, फडकं भिजलेलं, आणि हे सगळं ओटीवर किंवा पलंगावर. द्रवाला आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा वास. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ताकदीचा एक चहाचा चमचा द्रव म्हणजे १०० मिलिग्रॅम निकोटिन. लहान मुलाचा जीव जायला एवढं पुरू शकतं. मूल वारंवार ओकायला लागलं, लाळ गळते आहे, घामेजलं, सुस्त पडलं किंवा झटके आले आणि जवळ अशी बाटली दिसली, तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या. लपवू नका. हातावर सांडलं तर साबणाने लगेच धुवा, निकोटिन कातडीतूनही शिरतं.

आता बंदीबद्दल. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. भारतात ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, जाहिरात करणं आणि साठवणं गुन्हा आहे. विक्रीसाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याचा धाक घालणं माझं काम नाही, मी पोलीस नाही. मला त्यातली एकच गोष्ट वैद्यकीय वाटते. तुमच्या हातात आलेली बाटली चोरवाटेने आली आहे. तिच्यावर छापलेल्या आकड्याला कोणी जबाबदार नाही.

"पण इंग्लंडमध्ये डॉक्टरच वेप घ्यायला सांगतात," असं एका शिक्षकांनी मला ऐकवलं. खरं आहे. रोज सिगारेट ओढणारा माणूस पूर्णपणे वेपवर गेला तर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतो, आणि सिगारेट सोडवण्यात निकोटिनचा वेप निकोटिनच्या गम-पट्ट्यांपेक्षा जास्त यशस्वी ठरतो, असं कॉक्रेनचा आढावा सांगतो. मी हे नाकारत नाही. पण तिथे द्रवातलं निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, टाकी २ मिलिलिटरच्या वर चालत नाही, आणि विकण्याआधी त्यात काय आहे याची नोंद सरकारकडे करावी लागते. आपल्याकडे यातलं काय आहे? शिवाय माझ्याकडे येणाऱ्या किती पोरांनी विडी सोडायला वेप धरला? फार थोड्यांनी. बाकीच्यांचं पहिलं निकोटिनच हे आहे.

बाटलीत काय आहे हे कळलं नाही तर काय होतं, ते अमेरिकेने २०१९-२० मध्ये पाहिलं. फुप्फुसाला अचानक इजा होऊन २,८०७ लोक रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला द्रव ओढला होता आणि मुख्य संशय ठरला तो त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. म्हणजे तुमच्या निकोटिनच्या वेपने ते झालं असं मी म्हणत नाही. पण ते ओढणाऱ्यांनाही बाटलीत ते आहे हे माहीत नव्हतं. तोंडाने घेतलेली व्हिटॅमिन ई ची गोळी पचते, फुप्फुसात गेलेलं तेल पचत नाही.

आमच्याकडचे म्हातारे चिलीम ओढायचे तेव्हा छापी ओली करून घ्यायचे, आतला खडा जपून ठेवायचे. चिलीम नीट ठेवायचं शास्त्र त्यांना तुमच्या व्हिडिओवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यातल्या काहींना मी शेवटी दोन उशा लावून, बसून रात्र काढताना पाहिलं आहे. छापी चांगली होती म्हणून दमा टळला नाही.

मग त्या मुलाचं काय झालं? औषध संपल्यावर तो परत आला, कारण खोकला थांबला नव्हता. या वेळी मी घाई केली नाही. दिवसाचा पहिला झुरका कधी घेतोस, विचारलं. "उठल्या उठल्या, अंथरुणातच." हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे, तुम्हीही स्वतःला विचारा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ती सवय राहिलेली नाही, शरीर निकोटिनवर अवलंबून आहे, आणि नुसत्या निश्चयावर सोडणं अवघड जाईल. त्यात लाज नाही. उपचार लागतो एवढंच.

२ मिलिग्रॅमचं निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतं, पण ते च्युइंगमसारखं चावत सुटू नका. चार-पाच वेळा चावायचं, तिखट चुणचुण आली की गालात दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. आधी चहा घेतला असेल तर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही आणि "गमचा उपयोग होत नाही सर" अशी तक्रार घेऊन तुम्ही येता. गरोदर असाल, हृदयाचा आजार असेल किंवा वय अठराच्या आत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्याही आहेत, त्या मात्र तपासूनच द्याव्या लागतात. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन फुकट आहे. नाव-गाव सांगायचं नसेल तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या, मोबाईलवर मेसेज येऊ लागतात.

पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, झोप बिघडेल, जेवणावर वासना वाढेल. दोन-तीन आठवड्यांत बरंच निवतं. त्या मुलाचं पंधराव्या दिवशी एकदा मोडलं, मित्राच्या वाढदिवसाला. तो सांगायला आला, म्हणून मी त्याला ओरडलो नाही. पुन्हा गम सुरू केलं. सध्या महिना झाला आहे, घरघर कमी आहे, खोकला सकाळी अजून येतो. टाकी त्याने अजून फेकलेली नाही, कपाटात आहे असं म्हणतो. पुढच्या मंगळवारी येताना घेऊन ये, असं मी सांगितलं आहे. आत लिथियमची बॅटरी असते, ती कचऱ्याबरोबर जाळायची नाही.