सायक्लोन टेलर : खेळाडू एक, खाती दोन

मैदानावर उत्तम खेळणारा मुलगा सगळ्याच बाबतींत उत्तम असणार, असे आपण फार सहज धरून चालतो. कॅप्टनचा बिल्ला किंवा कलर्सचा ब्लेझर दिसला की बाकीची चौकशी संपते. मला हे पटत नाही. का पटत नाही, हे सांगण्यासाठी मी कॅनडाच्या एका जुन्या आइस हॉकीपटूचे उदाहरण घेतो.

आपल्याकडे आइस हॉकी म्हटले की लडाखची गोठलेली तळी आणि लडाख स्काउट्सचा संघ आठवतो. कॅनडात मात्र हा खेळ गावोगावी खेळला जातो. फ्रेडरिक टेलर हा तिथल्या ऑन्टारियो प्रांतातला, जन्म १८८४ चा. त्याचा वेग असा की लोकांनी त्याला ‘सायक्लोन’, म्हणजे चक्रीवादळ, हे नाव दिले. विशीत असताना त्याने टोरांटोच्या एका संघाकडून खेळायला नकार दिला, तेव्हा प्रांताच्या हौशी संघटनेने त्याला तो पूर्ण हंगाम बाहेर बसवले. त्या काळी खेळाचे पैसे घेणे कमीपणाचे मानत. पण १९०४ मध्ये उघडपणे पगार देणारी पहिली लीग अमेरिकेत सुरू झाली आणि टेलर १९०६ मध्ये मिशिगनमधल्या हॉटन या तांब्याच्या खाणींच्या गावी जाऊन व्यावसायिक खेळाडू झाला.

पुढच्याच वर्षी ओटावाच्या संघाने त्याला बोलावले. पैशांबरोबर त्याला सरकारच्या इमिग्रेशन खात्यात नोकरीही मिळाली. १९०९ मध्ये ओटावाने स्टॅनले कप जिंकला. त्यानंतर रेनफ्रू या छोट्या गावातल्या धनिकांनी त्याला एका हंगामाचे, म्हणजे जेमतेम १२ सामन्यांचे, ५,२५० डॉलर दिले. एवढा पैसा ओतूनही रेनफ्रूला कप मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी. १९१२ मध्ये टेलर व्हँकुव्हरच्या संघात गेला. हिवाळ्यात खेळ आणि एरवी बंदरावर इमिग्रेशन अधिकाऱ्याचे काम, असा त्याचा क्रम होता.

इथे आपला, म्हणजे भारताचा, संबंध येतो. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरला पोहोचले. बहुतेक शीख होते, काही मुसलमान आणि हिंदू. बाबा गुरदित सिंग यांनी हे जहाज भाड्याने घेतले होते. प्रवाशांपैकी काही जण ब्रिटिश फौजेत नोकरी केलेले सैनिक होते. साम्राज्याचे प्रजाजन असूनही त्यांना अडवले गेले, कारण मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश, असा नियम कॅनडाने १९०८ मध्ये केला होता. हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती! जहाजावर आधी चढलेल्या अधिकाऱ्यांत टेलर होता. दोन महिने जहाज बंदरात अडकून पडले, अन्नपाण्याचे हाल झाले. शेवटी २३ जुलैला युद्धनौका आणून त्याला परत धाडले. सप्टेंबरमध्ये कोलकात्याजवळ बजबज येथे प्रवासी उतरले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि सुमारे वीस जणांचा जीव गेला.

१९१५ च्या मार्चमध्ये त्याच व्हँकुव्हर शहरात टेलरच्या संघाने ओटावाला सलग तीन सामन्यांत हरवून स्टॅनले कप जिंकला. १९४६ मध्ये इमिग्रेशनमधल्या सेवेबद्दल त्याला ब्रिटिश सरकारचा सन्मान मिळाला. १९४७ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत कोमागाता मारूबद्दल माफी मागितली ती २०१६ मध्ये. टेलर १९७९ सालीच वारला होता.

कोणी म्हणेल, कायदा त्याने केला नव्हता, तो हुकूम पाळत होता. खरे आहे. बंदरावरच्या एका अधिकाऱ्यावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. त्याचे गोलही खोटे ठरत नाहीत. पाच हंगामांत तो आपल्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा होता, हे कोणी पुसू शकत नाही. पण एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती करता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. बर्फावरच्या वेगाने बंदरावरचे काम चांगले ठरत नाही. आणि बंदरावरच्या कामामुळे बर्फावरचे कसबही कमी होत नाही. दोन्ही एकाच पानावर लिहिली, तर माणूस नीट कळतो.

आपण कॅडेट आहोत. हुकूम पाळणे हा आपला पहिला धडा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण उद्या आपल्या हातातही कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, असे अधिकार येतील. समोरच्या माणसाला आपण किती गोल केले याच्याशी काही देणेघेणे नसेल. त्याला पाणी मिळाले का, त्याचे म्हणणे कोणी ऐकले का, हेच त्याच्या लक्षात राहील. शाळेच्या ऑनर बोर्डावर त्यासाठी वेगळी ओळ नसते. म्हणून तो हिशेब आपला आपणच ठेवायला हवा.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी