परतीची जबाबदारी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

उड्डाणाचे कौतुक करायला माणसाला शिकवावे लागत नाही. परतीचा विचार मात्र शिकवूनही अंगी येत नाही. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला अवकाशात झेपावले, तेव्हा गावोगाव टाळ्या वाजल्या. १५ जुलैला त्यांचे यान चार मोठ्या पॅराशूटांना लोंबकळत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. ती पॅराशूटे कोणी शिवली, कोणी घडी घालून बसवली आणि ती उघडतीलच याची हमी कोणी घेतली, हे विचारावेसे आपल्यापैकी किती जणांना वाटले?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे विज्ञानाचे मित्र म्हणतील. पण हा विषय नुसत्या गणिताचा नाही. दुसऱ्याचा जीव आपल्या हातात असताना कसे वागावे, हा त्यातला खरा प्रश्न आहे, आणि तो सगळ्या शाखांचा आहे.

आपल्या देशाच्या ‘गगनयान’ मोहिमेची पॅराशूटे आग्रा येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत, इस्रोच्या सहकार्याने तयार झाली. एका यानासाठी एकूण दहा पॅराशूटे लागतात. पहिली दोन यानाच्या माथ्यावरचे झाकण ओढून काढतात. पुढची दोन यानाला स्थिर करून त्याचा वेग कमी करतात. मग तीन लहान पॅराशूटे तीन मुख्य पॅराशूटांना बाहेर खेचतात. मुख्य पॅराशूट एकदम पूर्ण उघडले तर त्या हिसक्याने फाटायचे. म्हणून त्याचे तोंड दोरीने आवळलेले असते आणि काही सेकंदांनी ती दोरी आपोआप कापली जाते. आमच्या घरी आई वाकळ शिवते. वाकळेचा टाका उसवला तर फार तर थंडी लागेल. या शिलाईचा टाका उसवला तर काय होईल, ते सांगायला नको!

मला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. मुख्य पॅराशूटे तीन असली तरी यान सुखरूप उतरायला दोन पुरेशी आहेत. म्हणजे एक दगा देईल हे आधीच गृहीत धरलेले आहे. ही शंका पोकळ नाही. ७ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ चे अंतराळवीर चंद्रावरून परत येत असताना तीनपैकी एक पॅराशूट मिटले. उरलेल्या दोघांनी तिघा माणसांना जिवंत समुद्रावर टेकवले.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी झाशीजवळच्या बबिना येथे आपल्या चमूने नेमकी हीच परीक्षा घेतली. यानाच्या वजनाइतका पाच टनांचा ठोकळा हवाई दलाच्या विमानातून अडीच किलोमीटर उंचीवर नेऊन खाली सोडला, आणि एक मुख्य पॅराशूट उघडले नाही तर काय होईल ते मुद्दाम घडवून पाहिले. पुढे ३ नोव्हेंबर २०२५ च्या चाचणीत दोन पॅराशूटांच्या दोऱ्या एकाच वेळी न कापता मागेपुढे कापल्या गेल्या तर काय, हे तपासले. आपण परीक्षेला बसताना सोपा प्रश्न यावा म्हणून देवाला नवस बोलतो. ही माणसे आपल्यासाठी अवघड प्रश्न स्वतःच काढतात आणि स्वतःच सोडवतात.

अशा चमूचा प्रमुख कसा असावा? माझ्या मते त्याचा मोठा गुण एकच. त्याच्यासमोर हाताखालच्या कारागिराला ‘साहेब, हा टाका बरोबर नाही’ असे न भिता म्हणता आले पाहिजे. आणि ते ऐकून त्याला वरच्यांपुढे ‘अजून थांबा’ म्हणता आले पाहिजे.

हे ‘थांबा’ न ऐकल्याचे फळ इतिहासात लिहिलेले आहे. सोव्हिएत रशियाच्या सोयूझ यानाची आधीची मानवरहित उड्डाणे धड पार पडली नव्हती. तरीही एप्रिल १९६७ मध्ये व्लादिमिर कोमारोव्ह यांना सोयूझ-१ मधून पाठवण्यात आले. २४ एप्रिलला परतताना मुख्य पॅराशूट आपल्या कप्प्यातून बाहेरच आले नाही, राखीव पॅराशूट गुंतून बसले, आणि कोमारोव्ह जमिनीवर आदळून मृत्यू पावले. गगनयानातून माणूस २०२२ पर्यंत जाईल, अशी घोषणा २०१८ साली झाली होती. तारीख टळली म्हणून चहाच्या टपरीवर हसणारे मी पाहिले आहेत. मला ते हसणे पटत नाही. उशीर झाला तर टीका होते, घाई झाली तर तिरडी उठते.

आपण उदगीरकरांनी तरी हे विसरू नये. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो याच उदगिरीत. त्या विजयाचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्तच आहे. परंतु तेच भाऊ उत्तरेत गेले, अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीकडची वाट अडवली, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. भाऊंच्या शौर्यात काही उणे नव्हते. उणी पडली ती परतीची वाट.

आता स्वतःकडे पाहू. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्यासारखी कितीतरी मुले-मुली दरवर्षी खेड्यांतून निघतात. कोणी उदगीरला, कोणी लातूरच्या शिकवण्यांना, कोणी पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी. निघताना हार, पेढे, फोटो! सधन घरच्या मुलाजवळ तीन पॅराशूटे असतात. एक वर्ष वाया गेले तर दुसरे वर्ष, तेही गेले तर वडिलांचे दुकान. आमच्याजवळ एकच असते, आणि तेही बहुधा शेत गहाण टाकून शिवलेले. ते उघडले नाही तर मुलगा तोंड लपवतो आणि मुलीचे लग्न उरकले जाते. त्यांचा फोटो कोणी छापत नाही.

दोष त्या मुलांचा आहे काय? मला तसे वाटत नाही. यान पडले तर दोष पॅराशूट घडवणाऱ्यांकडे शोधला जातो, आत बसलेल्या माणसाकडे नव्हे. मग मुलांना वर पाठवणाऱ्या पालकांनी, शिक्षकांनी, पुढाऱ्यांनी आणि आपण मित्रांनीही ही जबाबदारी घ्यायला नको काय? नापास झालेल्या मुलीला पुन्हा वर्गात बसवणे, नादारीचा अर्ज वेळेवर भरून देणे, पुण्याहून परतलेल्या मित्राला ‘काय झालं रे निकालाचं?’ असे न विचारता ‘चल, जेवायला बस’ म्हणणे, ही आपल्या हातातली दुसरी आणि तिसरी पॅराशूटे आहेत. यांना अनुदान लागत नाही.

झेप घ्या, असे सांगणारे वक्ते आपल्या संमेलनांना पुष्कळ लाभतात. पडणाऱ्यासाठी आधीच पॅराशूट शिवून ठेवणारी माणसे थोडी असतात. एखाद्या राष्ट्राची उंची मोजायची झाली तर त्याने माणूस किती वर पाठवला एवढेच पाहू नये. त्याला परत आणण्यासाठी किती जण जागले, तेही पाहावे.