जुनी वीट, नवी खोली



विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आणि स्थविर आनंद यांचा संवाद आहे. दान मिळालेल्या पाचशे चीवरांचे करणार काय, असे राजाने विचारले. आनंदांनी चोख हिशेब दिला. जुन्या चीवरांची पांघरुणे होतील, पुढे अंथरुणे, मग पायपुसणी, मग झाडणी. अखेर चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवू. जुने वापरणे ही गरिबीची लाज नव्हे, धम्माची शिस्त आहे.

आमच्या कासारवाडीत कामगारांची मुले शिकू लागली आणि घरे अपुरी पडू लागली. अभ्यासाला वर एक खोली चढवावी, असा विचार अनेक घरांत चालतो. पाडलेल्या चाळी-वाड्यांचे सामान त्याला उपयोगी पडते. केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी मोडक्या घरांची दारे-खिडक्या वापरून उत्तम घरे बांधली.

मात्र क्रम उलटा ठेवावा. आधी दार-खिडकी विकत घ्यावी, माप घ्यावे, मगच नकाशा काढावा. लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचून वाळवी पाहावी. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्यात. खणखणीत आवाज आला तर घ्याव्यात. चुन्यातली वीट सहज साफ होते, सिमेंटमधली बहुधा फुटते. म्हणून विटेच्या भावात टेम्पोभाडे, साफसफाईची मजुरी आणि फुटतूट मिळवूनच ती स्वस्त की महाग ते ठरवावे.

दोन वस्तू फुकट मिळाल्या तरी नकोत. वाकवून सरळ केलेल्या गंजक्या सळया स्लॅबला घालू नयेत. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने सिमेंट पत्रेही घेऊ नयेत. कापताना, भोक पाडताना उडणारे तंतू फुप्फुसाला घातक असतात.

खालच्या भिंतींचा विचार सर्वांत आधी. दहा बाय आठची खोली, साडेचार इंची आठ फुटी भिंती, एवढ्याचेच वजन सुमारे पाच टन भरते. गवंड्याच्या भरवशावर न राहता परवानाधारक इंजिनिअरला घर दाखवावे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगीही घ्यावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत अनधिकृत शेड आणि भंगाराची गोदामे कशी भुईसपाट झाली, ते आपण पाहिले. जुन्या सामानात वाचवलेला पैसा बुलडोझरखाली घालवू नये.

खोली उभी राहिली की भाडेकरू ठेवण्याचा मोह होतो. दरमहा हाती येणारा पैसा कोणाला नको? पण बाबासाहेबांनी राजगृह बांधताना आधी ग्रंथांच्या जागेचा विचार केला. आपल्या घरातली मुलगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भांड्यांच्या आवाजात दहावीचा अभ्यास करीत असेल, तर त्या खोलीवर पहिला हक्क तिचा. खिडकी जुनी चालेल. उजेड तिच्या वहीवर पडला पाहिजे.

नमो बुद्धाय! जयभीम!