मुलगा म्हणतो, "आता कायमचे इकडेच या": होकार देण्याआधी तब्येतीचं पाहा

वालचंद कॉलेज आपल्या शेजारी असल्यामुळे असेल, पण विश्रामबागेत अमेरिकेत मूल नसलेलं घर शोधावं लागतं. आई-बाबा सत्तरीकडे आले की मुलांचा फोनवर एकच विषय सुरू होतो. "तिथे एकटे काय करता? ग्रीन कार्डचं करून टाकू." बीपी बघून झालं की पेशंट हळूच मलाच विचारतात, "डॉक्टर, जावं का?"

व्हिसाचं वकील सांगतील. तब्येतीच्या बाजूने माझं मत असं: मूल मोठ्या शहरात असेल तर विचार करायला हरकत नाही. लहान गावात असेल, तर तिथे एक अख्खा हिवाळा काढल्याशिवाय होकार देऊ नका. आणि इथलं घर विकण्याची घाई तर मुळीच नको.

लहान गाव म्हणजे काय, तेही बघा. इंडियाना राज्यातलं कोलंबस साधारण ५० हजार वस्तीचं, पण तिथे कमिन्स कंपनीचं मुख्यालय आहे. त्यामुळे मराठी घरं आहेत, बऱ्यापैकी रुग्णालय आहे आणि इंडियानापोलिस ७०-७५ किलोमीटरवर आहे. असं गाव वाईट नाही. पण मुलगा किंवा सून डॉक्टर असेल तर गोष्ट वेगळी. जे-१ व्हिसावर शिकलेल्या परदेशी डॉक्टरला मायदेशी न परतता तिथेच राहायचं असेल, तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं काम करण्याचा एक मार्ग आहे. १९९४ पासूनची ही सोय. म्हणून आपली अनेक मुलं मक्याच्या शेतांमधल्या गावात जाऊन पोचतात.

तिथली रुग्णालयं बहुधा 'क्रिटिकल ॲक्सेस' प्रकारची असतात. जास्तीत जास्त २५ खाटा, इमर्जन्सी चोवीस तास सुरू, आणि सर्वसाधारण नियम असा की दुसरं रुग्णालय ३५ मैलांहून, म्हणजे ५६ किलोमीटरहून लांब असावं. आपल्याला सांगलीहून कोल्हापूर जेवढं, त्याहूनही थोडं जास्त. हार्ट ॲटॅक आला तर ईसीजी होईल, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेल. पण अँजिओप्लास्टीसाठी बहुतेक वेळा पुढे हलवावं लागतं, कधी हेलिकॉप्टरने. आपण मात्र रिक्षात बसून 'मिरजेला चला' म्हणतो. वानलेस यांनी मिशनचं रुग्णालय काढल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, आणि ते पाच-सहा किलोमीटरवर असणं ही केवढी सोय आहे हे आपल्या लक्षातच येत नाही.

आता पैसा. "अमेरिकेत म्हाताऱ्यांना सगळं फुकट" हा समज आधी काढून टाका. मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना. ग्रीन कार्ड घेऊन उतारवयात गेलेल्याला ६५ पूर्ण झाल्यावरही तिथे सलग ५ वर्षं राहिल्याशिवाय ती घेता येत नाही. तुम्ही किंवा जोडीदाराने तिथे नोकरी करून कर भरलेला नसतो, म्हणून पूर्ण हप्ता खिशातून जातो. २०२५ मध्ये तो रुग्णालयाच्या भागासाठी महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टर-तपासण्यांच्या भागासाठी १८५ डॉलर होता. नवरा-बायकोचे मिळून महिन्याला १४०० डॉलरच्या वर, आणि त्यात रोजची औषधं नाहीत, दात नाहीत. पहिली ५ वर्षं खासगी विमा घ्यावा लागतो. त्याचा खर्च राज्य आणि कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतो. इथे ७० ओलांडल्यावर उत्पन्नाची अट नसलेलं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड निघतं, ते तिथे चालत नाही.

व्हिजिटर व्हिसावर जाताना घेतलेल्या विम्यात तुमचा जुना मधुमेह, जुनं हृदय सहसा धरत नाहीत. "अचानक बळावलं तर देऊ" असं लिहिलेलं असतं, पण सत्तरीनंतर त्याची मर्यादा बरीच खाली येते. ते बारीक अक्षर मुलाला वाचायला लावा.

सगळ्यांत कमी बोललं जातं ते अंथरुणाला खिळल्यानंतरचं. इथे दिवसाची-रात्रीची बाई मिळते. महाग झाली असली तरी मिळते. मेडिकेअर नुसत्या अंघोळ घालणं, भरवणं अशा दीर्घकाळच्या सेवेचे पैसे देत नाही, आणि तिथे घरी येणारी मदतनीस तासावर पैसे घेते. मुलगा-सून दोघं नोकरीला. मग आईचं डायपर कोण बदलणार? हा प्रश्न विमानतळावर नाही, आत्ता विचारा. मुलं रागावणार नाहीत. त्यांनीही तो मनातल्या मनात विचारलेला असतो.

रोजच्या जगण्याचं म्हणाल, तर गाडी चालवता येत नसेल तर लहान गावात तुम्ही घरातच बसता. बस नाही, रिक्षा नाही, कोपऱ्यावर दुकान नाही. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात अंगणातला बर्फ म्हणजे खुब्याचं हाड मोडायचं आमंत्रण. विशेषतः बायकांना, कारण त्यांची हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत एकटेपणा आहे, कमी ऐकू येणंही आहे. इथे संध्याकाळी कट्ट्यावर चार माणसं भेटतात, ते तब्येतीच्या हिशोबात धरा.

ज्यांना विसरायला होऊ लागलंय, त्यांना अनोळखी घरात कायमचं नेऊ नये असं मी ठामपणे सांगतो. सवयीचं घर, ओळखीचा रस्ता, कानावर पडणारी मराठी यांच्या आधारावर त्यांचं बरंच निभावत असतं. आधार काढला की घसरण एकदम दिसते. जोडीदार गेल्यावर महिन्याभरात एकट्या आईला उचलून नेण्यालाही माझा विरोध आहे. सोबतीला चार-सहा महिने जाऊन यावं, पण कायमचा निर्णय वर्षभर थांबावा.

दुसरी बाजूही खरी आहे. साठीत असाल, दोघं धडधाकट, इंग्रजी जमतं, गाडी शिकायची तयारी आहे आणि सुनेचंही मनापासून बोलावणं आहे, तर जा. मात्र "सहा महिने इथे, सहा महिने तिथे" ग्रीन कार्डावर कायम जमेल असं धरू नका. ते तिथे राहणाऱ्यांसाठी आहे, आणि परवान्याशिवाय वर्षभर बाहेर राहिलात तर ते जाऊ शकतं.

चाचणी म्हणून हिवाळा काढायला जाणार असाल, तर निघायच्या दोन महिने आधी भेटा. मोतीबिंदू आणि दात इथेच उरका. औषधांच्या नावांकडेही बघावं लागेल. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, व्होग्लिबोज, सिल्निडिपिन या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या गोळ्यांना अमेरिकेत मान्यताच नाही. संपल्या तर तिथल्या दुकानात मिळणार नाहीत. बदल करायचा तर इथे असतानाच करू, म्हणजे नव्या गोळीवर साखर आणि बीपी कसं राहतं ते निघण्याआधी कळेल. साधारण तीन महिन्यांची औषधं मूळ पाकिटात न्यायची, सोबत जेनेरिक नावांची इंग्रजी चिठ्ठी. ती चिठ्ठी मी लिहून देतो. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, बंद केलेल्याही.